शिळेवरचा रामदरबार : एकोणिसाव्या शतकातील पोथीचित्रे आणि आपण

मराठी वाङ्मयाचा इतिहास वाचताना एकोणिसावे शतक हे अक्षरांचे शतक म्हणून मनावर ठसते. १८३२ चे 'दर्पण', १८७४ ची 'निबंधमाला', १८८१ चा 'केसरी'. त्यांच्या जोडीला व्याकरणे, कोश, नाटके आणि कादंबऱ्या. या इतिहासात छापील चित्राला जागा मिळालीच तर ती तळटीपेत. चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही हे चित्र फारसे आपले वाटले नाही. त्यांची वाट जुन्या लघुचित्रांवरून थेट मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि राजा रविवर्मा यांच्याकडे जाते. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी पोथीतील चित्राची गत झाली. प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा एवढाच की, शिळाछापाच्या पोथीतील चित्र हे त्या ग्रंथाचे नुसते भूषण नव्हते. ते वाचनाचेच एक अंग होते. ते बाजूला सारले, तर त्या काळचा मराठी समाज ग्रंथाशी कसा वागत होता हे आपल्याला निम्मेच कळते.

इतवाऱ्यातील आमच्या घरी श्रीधरांच्या 'रामविजया'ची एक पोथी आहे. आडव्या, सुट्या पत्र्यांची, लाल रुमालात बांधलेली. आरंभीचे आणि शेवटचे पत्रे गळालेले असल्यामुळे ती कोणत्या छापखान्यात आणि कोणत्या शकात निघाली, हे तिच्यावरून समजत नाही. मजकुराभोवती दुहेरी रेघांची चौकट, अक्षर एखाद्या सराईत लेखकाचे असावे तसे ठसठशीत, आणि अधूनमधून अर्ध्या पत्र्याची चित्रे. एका चित्रात राम सिंहासनावर नव्हे, तर लोड-तक्क्याच्या गादीवर बसला आहे. त्याच्या डोक्यावर मुकुट असला तरी अंगात घेरदार अंगरखा आहे. समोर उभे असलेले मानकरी पगड्या घालून, हात जोडून आहेत. दाराशी काठी घेतलेला चोपदार आहे. सीतेचे लुगडे नऊवारी आहे आणि नाकात नथ. लंकेच्या तटावर जे राक्षस पहारा करतात, त्यांतील एकाच्या खांद्याला चक्क बंदूक लावलेली आहे. आणि याच चित्रमालेत एके ठिकाणी सीतेचे लुगडे कोणी तरी, बहुधा आमच्या घरातल्याच एखाद्या मुलीने, बोटाने कुंकू लावून रंगविले आहे. ते कुंकू आता विटकरी झाले आहे; पण बोटाचा ठसा ओळखू येतो.

बऱ्हाणपूरला सचित्र रामायण नवे नव्हते. दख्खनच्या मोहिमांच्या निमित्ताने ज्याची कितीतरी वर्षे या शहरात गेली, त्या अब्दुर्रहीम खानखानानाच्या पदरी लेखक होते, चित्रकार होते आणि मोठा ग्रंथसंग्रह होता. अकबराच्या आज्ञेने रामायणाचे फारसी भाषांतर झाले, त्याची एक सचित्र प्रत रहीमने स्वतःसाठी करवून घेतली. सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेली ती प्रत आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. त्या चित्रांची नजाकत निर्विवाद आहे. परंतु ती प्रत एक होती आणि तिचा धनीही एक होता. त्या रामायणाचे पान उलटण्याचा अधिकार ज्यांना होता, त्यांत विणकराची किंवा कारकुनाची मुलगी नव्हती. आमच्या पोथीतले चित्र कसबात रहीमच्या चित्रकारांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण त्यावर एका मुलीचे बोट उमटले आहे. या दोन रामायणांमधले अंतर पार करण्यास छापखान्याला कसकशी वळणे घ्यावी लागली, ते पाहण्यासारखे आहे.

मराठी मुलखातील छपाईच्या पहिल्या खटपटीत अक्षर आणि चित्र या दोहोंचे कारागीर पुण्यातच होते. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने अठराव्या शतकाच्या अखेरीस शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली. जेम्स वेल्स हा चित्रकार तिथे शिकवीत असे आणि गंगाराम तांबट हा तिचा सर्वांत गुणी विद्यार्थी. त्याच सुमारास नाना फडणिसांच्या उत्तेजनाने एका तांबटाकडून भगवद्गीतेसाठी तांब्याचे पत्रे कोरविण्याचे काम सुरू झाले. १८०० मध्ये नाना वारले. पेशवाईची घडी विस्कटली. तो कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि १८०५ मध्ये तिथे गीता छापली गेली. म्हणजे एकाच शहरात, एकाच काळात, एकीकडे चित्र काढणारा हात तयार झाला होता आणि दुसरीकडे अक्षर छापणारा. दोघांची गाठ मात्र पडली नाही. वेल्स १७९५ मध्ये वारल्यानंतर त्याची वेरूळची रेखाटने १८०३ मध्ये थॉमस डॅनिएलने लंडनमध्ये प्रसिद्ध केली. गंगारामाच्या रेखाटनांचा मोठा भाग आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. चित्र परदेशी गेले, अक्षर मिरजेत राहिले.

ही गाठ पुढे शिळाछापाने घातली, आणि ती घालण्याचे कारण भावनेत नव्हे, तर तंत्रात होते. बव्हेरियातील झेनेफेल्डर याने १७९६ पासूनच्या प्रयोगांतून काढलेली ही युक्ती मोठी साधी आहे. विशिष्ट जातीच्या चुनखडी दगडावर स्निग्ध शाईने लिहावयाचे, मग दगड ओला करावयाचा. शाईचा रूळ फिरवला की पाण्याने भिजलेला भाग शाई झिडकारतो आणि लिहिलेला भाग ती धरतो. उलटे लिहिण्याचा त्रास नको असेल तर खास लेप दिलेल्या कागदावर सरळ लिहून ते दगडावर उतरविता येते. खिळ्यांच्या छपाईत चित्र घालावयाचे तर त्यासाठी वेगळा लाकडी ठसा कोरावा लागतो. तो कोरणारा कारागीर वेगळा, त्याची मजुरी वेगळी, आणि ठशाची उंची खिळ्यांच्या उंचीशी जुळवावी लागते ती कटकट वेगळी. दगडाला मात्र अक्षर आणि चित्र यांत भेद कळत नाही. ज्या लेखणीने ओवी लिहिली तिनेच मारुतीचे शेपूट काढले, तरी छापखान्याचा खर्च फारसा वाढत नाही. खिळ्यांच्या पुस्तकात चित्र हा चैनीचा भाग होता; शिळाछापाच्या पोथीत तो जवळजवळ फुकटचा होता. जुन्या मराठी पोथ्या सचित्र का निघाल्या, याचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर समाजाच्या स्वभावात आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातील उद्योगी गृहस्थाने अमेरिकन मिशनची सुबक छापील पुस्तके पाहिली आणि आपल्या धर्माचे ग्रंथ असे का छापू नयेत, या विचाराने लाकडी यंत्र आणि दगड जमवून १८३१ मध्ये पंचांग छापले. छापील कागदाला शिवणे सोवळ्यात बसत नाही, शाईत चरबी असते, अशी शंका तेव्हा पुष्कळांना होती. त्या शंकेवर तोड म्हणून शाईत तूप वापरल्याची हकीकत सांगितली जाते. अशा वातावरणात खिळ्यांचे अक्षर परके वाटे. शिळाछापाचे पान मात्र हस्तलिखितासारखेच दिसे. तेच आडवे पत्रे, तीच चौकट, तेच वळण. हाताने पोथ्या लिहून पोट भरणाऱ्या लेखकाला खिळ्यांनी बेकार केले असते. शिळाछापाने त्यालाच कामावर ठेवले. त्याच्याबरोबर हस्तलिखितातले चित्रही निमूटपणे छापखान्यात शिरले. नवे यंत्र जुन्या वेशात आले, म्हणून ते देवघरापर्यंत पोहोचू शकले.

येथे मराठी छापील चित्राचे दोन प्रवाह स्पष्ट दिसू लागतात. एक मिशनऱ्यांच्या आणि शाळकरी पुस्तकांचा. त्यातले ठसे अनेकदा विलायतेहून किंवा अमेरिकेहून आलेले असत. त्यामुळे मजकूर मराठी, पण चित्रातले घर उतरत्या कौलांचे आणि धुराड्याचे, झाड ओळखू न येणारे, मुलाच्या डोक्यावर हॅट, असा प्रकार घडे. बाळशास्त्री जांभेकरांच्या १८४० च्या 'दिग्दर्शन'सारख्या प्रयत्नांत नकाशा आणि आकृती यांनी मराठी वाचकाला जग मोजून पाहण्याची दृष्टी दिली, हे त्या प्रवाहाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दुसरा प्रवाह पोथीचा. तिथले चित्र जग मोजीत नव्हते. ते ऐकणाऱ्याला कथेत बसवून घेत होते. पहिल्या प्रवाहातले चित्र म्हणे, 'हे तू अजून पाहिलेले नाहीस.' दुसऱ्यातले म्हणे, 'हे तुझेच आहे.'

रामाच्या अंगातला अंगरखा आणि राक्षसाच्या खांद्यावरची बंदूक यांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. आपल्यातले काही सुशिक्षित या चित्रांना हसतात. चित्रकाराला इतिहासाचे ज्ञान नव्हते, असा शेरा मारतात. माझ्या मते हा शेरा उथळ आहे. पोथीचा चित्रकार त्रेतायुगाचे चित्र काढावयास बसलाच नव्हता. श्रीधरांनी १७०३ मध्ये पंढरपुरात 'रामविजय' रचला, तेव्हा त्यांनीही अयोध्येची भाषा शोधली नाही. आपल्या श्रोत्यांची भाषा घेतली. जे ओवीने भाषेत केले तेच चित्राने पोषाखात केले. ज्या पिढीने पेशवाई बुडताना पाहिली किंवा आजोबांकडून ऐकली, तिच्यासाठी लोड-तक्क्याचा दरबार हीच राजसत्तेची एकमेव ओळखीची प्रतिमा होती. तो दरबार पुण्यात संपला होता; पोथीत तो रामाच्या नावाने भरतच राहिला. या चित्रांत मला गेलेल्या राज्याची हळहळ दिसते, आणि ती कोणत्याही निबंधाइतकीच बोलकी आहे.

तथापि ही चित्रे निष्पाप आहेत असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. त्यांत माणसाचा आकार त्याच्या मानाप्रमाणे ठरतो. राजा मोठा, मानकरी त्याहून लहान, सेवक आणखी लहान. राक्षस काळे, दात विचकलेले, केस पिंजारलेले. शूर्पणखेची विटंबना कथेत काही ओव्यांची असेल. चित्रात ती वर्षानुवर्षे, पान उघडील त्याच्यासमोर, पुन्हा पुन्हा होते. त्या चित्राकडे पाहत मोठी झालेली मुले कोणाला सुंदर आणि कोणाला भेसूर समजावयास शिकली असतील, हा प्रश्न सोयीस्करपणे बाजूला ठेवता येत नाही. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी पुराणकथांचा उलट बाजूने अर्थ लावण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यासमोर केवळ शब्दांचा किल्ला नव्हता. चित्रांनी डोळ्यांत भिनलेली सवयही होती. समाज चित्रात उतरतो तो असा, त्याच्या प्रेमासकट आणि त्याच्या उतरंडीसकट.

पोथीच्या चित्राचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याचे अपुरेपण. एकाच चौकटीत हनुमान समुद्र उल्लंघतो, लंकेत उतरतो आणि अशोकवनात झाडावर बसतो. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला तिथे तीन वानर दिसतील. हे चित्र पुराणिकाच्या आवाजाशिवाय उलगडत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी चित्राचे पान श्रोत्यांपुढे धरून कथा गात. पोथीचे चित्र त्याच परंपरेतले. वाचणारा एक, ऐकणारे दहा, आणि अध्याय संपल्यावर पोथी फिरे तेव्हा ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनीही पाहावयाचे. एकोणिसाव्या शतकातील 'वाचक' मोजताना आपण साक्षरांची संख्या पाहतो. या पोथ्या सांगतात की ग्रंथाभोवतीची माणसे त्याहून कितीतरी अधिक होती आणि त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. आपल्यासारख्या घरांत तर याला विशेष अर्थ आहे. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, आणि १८६० च्या सुमारास इंग्रजी अमलात जाऊन मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात मोडू लागले. कोणी पेशवाईत आले, कोणी शिंद्यांच्या चाकरीत, कोणी रेल्वेच्या आणि कचेरीच्या निमित्ताने. १८७० मध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत सलग लोहमार्ग झाला आणि मुंबईचा छापील माल आपल्या दारावरून जाऊ लागला. बाहेर हिंदी, बाजारात चार भाषा, हिशेब मोडीत. अशा घरात चातुर्मासातली पोथी ही मराठीची शाळा होती, आणि मूल तिच्यात शिरे ते चित्राच्या दारातून.

शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हे चित्र पोथीतून बाहेर पडले. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रशाळा काढली. अक्षरांचा एवढा कट्टा उपासक 'निबंधमाला' चालू असतानाच चित्रांकडे वळतो, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी होती. चित्रशाळेने रामपंचायतनासारखी देवचित्रे काढली, तशी नाना फडणिसांसारख्या इतिहासपुरुषांचीही. १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि रंगीत तैलछाप चित्रे घरोघरी गेली. आता राम वेगळा आणि नाना फडणीस वेगळे झाले. पोथीत देव पेशवाई अंगरख्यात होता. भिंतीवर देव पौराणिक झाला आणि पेशवाई ऐतिहासिक झाली. इतिहास आणि पुराण यांची फारकत निबंधांनी सांगितली. ती डोळ्यांना पटवून दिली या छापचित्रांनी.

भिंतीवरच्या चित्रात छाया-प्रकाश आला, खोली आली, देवाला माणसाचा चेहरा आला. हा लाभ खरा. पण त्याला आवाजाची गरज उरली नाही. ते एकटे पुरेसे होते. त्याला फ्रेम घातली, हार घातला आणि हात जोडले. कथा सांगण्याचे काम त्याने सोडले. ते काम पुढे उचलले ते मालवलीला त्याच रविवर्मा छापखान्यात काही काळ काम केलेल्या एका ठसेकाराने. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' पाहताना प्रेक्षकांना जे ओळखीचे वाटले असेल, त्यात पोथीच्या चौकटीतून एकामागून एक सरकणाऱ्या प्रसंगांचाही वाटा असावा, असे मला वाटते. पोथी मात्र मागे पडली. खिळ्यांचे सुबक, शुद्ध, बांधीव ग्रंथ आले. त्यांत चित्रे कमी होत गेली आणि उरली ती भिंतीवरच्या चित्रांची नक्कल म्हणून.

एका उणिवेकडे लक्ष वेधावेसे वाटते. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. चित्र काढणाऱ्याचे नाव कायद्याने मागितले नाही आणि छापखान्यांनीही ते सहसा दिले नाही. श्रीधरांचे नाव प्रत्येक अध्यायाच्या शेवटी येते. ज्याने त्यांचा राम दहा हजार डोळ्यांना दाखविला तो निनावी राहिला. रविवर्म्याची सही सर्वांना ठाऊक आहे. पोथीच्या चित्रकाराची जात, गाव, मजुरी यांतले काही कळावयाचे असेल, तर ते त्या पोथ्यांच्या पानांवरच कुठे तरी, समासात किंवा समाप्तीच्या ओळीत, सापडण्याची शक्यता आहे.

आणि म्हणून अजिंठ्याची आठवण होते. तापी ओलांडून दक्षिणेस गेले की ती लेणी आपल्यापासून फार दूर नाहीत. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तिथे राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. त्यांचा काही अंश टिकला तो १८५६ च्या एका इंग्रजी पुस्तकात लहान ठशांच्या रूपाने छापला गेला होता म्हणून. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती करविल्या. १८८५ मध्ये लंडनमध्येच त्यांतल्या अनेक आगीत गेल्या, आणि १८९६-९७ चे त्याचे दोन खंड मागे राहिले. मोठी चित्रे गेली, पुस्तकातली लहान चित्रे उरली. छापील चित्र कसबाने दुय्यम असले, तरी साक्षीदार म्हणून ते अनेकदा शेवटचे असते.

आपल्या घरांतल्या पोथ्यांना आगीची भीती नाही. त्यांना आपल्या श्रद्धेचीच भीती आहे. जीर्ण पोथी रद्दीत टाकणे पाप, म्हणून ती रुमालासकट तापीत सोडण्याची चाल आपल्याकडे आहे. माझ्या लहानपणी राजघाटावर आमच्याच घरच्या दोन पोथ्या अशा सोडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांत काय होते, हे आज कोणीही सांगू शकत नाही. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' पुन्हा छापला जाईल. शब्द कुठे जात नाहीत. पण त्या विशिष्ट दगडावर, त्या विशिष्ट हाताने काढलेले चित्र पुन्हा निघणार नाही, आणि कायद्याने दाखल झालेल्या प्रती मोठ्या ग्रंथालयांत टिकल्या तरी त्यांवर कोणाच्या घरातल्या मुलीचे बोट उमटलेले नसेल.

या पत्रिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या देवघरात अशी एखादी गाठोडी अजून असेल. तिचे विसर्जन करू नका, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. विनंती एवढीच की, रुमाल सोडून एकदा पत्रे पाहावेत. शेवटच्या पत्र्यावर छापखान्याचे नाव आणि शक असल्यास उतरून घ्यावा. चित्रांची छायाचित्रे काढून मंडळाकडे द्यावीत. समासात कोणाचे नाव, घरातल्या जन्माची नोंद, कोणा चित्रकाराची खूण दिसली तर तीही टिपून ठेवावी. अक्षरांचा इतिहास मुंबई-पुण्याच्या विद्वानांनी लिहिला आणि चांगला लिहिला. पोथीच्या चित्रांचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्याची साधने बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या घरांतून निघतील. कारण जिथे मराठी जपून ठेवावी लागली, तिथे पोथ्याही जपून ठेवल्या गेल्या.